जून महिन्याचं पान

ऑक्टोबरात एका रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, "ताई, यंदाच्या कॅलेंडरला तुमचे फोटो द्या. बारा पाखरं, बारा वचनं."

आमच्या मंडळीचं कॅलेंडर दरवर्षी निघतं. वर देवळाचं नाव, मध्ये चित्र, खाली वचन, आणि तारखांच्या चौकटींत झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पेंटेकॉस्ट. आजवर चित्रं कुठली कुठली यायची. बर्फाचे डोंगर, हिरव्या कुरणातली मेंढरं, पुण्यात कुणी कधी न पाहिलेली फुलं. आपल्या भागातली पाखरं त्या भिंतीवर येणार म्हटल्यावर मला रात्री झोप लागेना.

अकरा फोटो दोन दिवसांत निघाले. जानेवारीला भिगवणचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. फेब्रुवारीला चक्रवाकाची जोडी. मार्चला पळसाच्या फुलात चोच घातलेली मैना. ऑगस्टला सुगरणीचा खोपा, डिसेंबरला हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. त्याखाली यिर्मयाच्या आठव्या अध्यायातलं वचन, आकाशातला करकोचाही आपली नेमलेली वेळ ओळखतो, हे. सगळं ठाकठीक बसत गेलं. जून तेवढा राहिला. जूनला मला कावळा द्यायचा होता.

का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

पप्पा 2017 साली गेले. बँकेतून मी त्याच वर्षी निवृत्त झाले. हाती थोडे पैसे आणि पहाटेचे रिकामे तास आले. पप्पांना चहा करून द्यायची साडेपाचची वेळ अंगात इतकी मुरली होती की ते नसतानाही जाग यायची. त्या वेळेचं काय करायचं, म्हणून मी कॅमेरा घेतला. दीडशे-सहाशेची लेन्स घेतली. ती हातात धरून दहा मिनिटांत खांदा भरून यायचा, तरी बरं वाटायचं. काहीतरी जड उचलल्याशिवाय दिवस सुरू होऊ नये, असे ते दिवस होते.

सुरुवात कवडीपाटला झाली. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळलं की मुळा-मुठेवरचा जुना दगडी बंधारा लागतो. हिवाळ्यात तिथं पहाटे धुकं असतं. त्यात शेकाट्यांचे लाल पाय आधी दिसतात, पक्षी नंतर. नदीसुरय पाण्यावरून सूर मारतो, धोबी दगडांवर शेपट्या हलवत पळतात, राखी बगळा तासभर हलत नाही. पहिल्या महिन्यात मी हजारो फोटो काढले असतील. घरी येऊन कार्ड रिकामं करायचं, त्यातला एक निवडायचा, त्यावर वचन टाकायचं आणि सात वाजता मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवायचा. "आकाश देवाचा महिमा वर्णन करते", खाली केशरी आभाळ. लोक 'आमेन' लिहायचे, हात जोडायचे. मलाही वाटायचं, ही माझी सेवा.

एकदा आईला टॅबवर फोटो मोठा करून दाखवत होते. आईच्या डोळ्यांच्या मधोमध आता दिसत नाही. पडदा झिजलाय, असं डॉक्टर म्हणतात. ती मान वळवून, डोळ्याच्या कडेनं बघते. तसं बघत ती म्हणाली, "नदी किती स्वच्छ आहे गं इथं."

मी गप्प बसले. कारण ती नदी स्वच्छ नाही. पुण्याचं सांडपाणी घेऊन ती तिथवर येते. बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचतो. पुराच्या पाण्यानं आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काठच्या झाडांना वर्षभर लटकत राहतात, लांबून वाटावं वटवाघळंच आहेत. चक्रवाक त्या फेसातच पोहत असतात. मी दरवेळी जागा बदलून, गुडघे टेकून, लेन्स थोडी डावीकडे नेऊन तो फेस चौकटीबाहेर ठेवायची. उरलेलं घरी कापायचं. सगळे तसंच करतात, शिकवतातही तसंच. मी आईशी खोटं बोलले नव्हते, पण तिला जे दिसलं ते मी ठरवलेलं होतं.

हे मनात घेऊनच मी एकदा भिगवणला निघाले होते. सोबत पाळकसाहेब होते आणि युवक संघातली दोन मुलं. पहाटे चारला निघून उरुळी कांचन, यवत करत चौफुल्याला चहाला थांबलो. तिथून आत वळलं की केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. अंधारात दिसत काहीच नव्हतं, तरी आम्ही चौघंही त्या दिशेला बघत चहा प्यायलो. रमाबाईंनी उतारवयात तिथं बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. सोप्या मराठीत, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. तोवर त्यांचं काम पुरं झालं होतं. पुस्तक 1924 मध्ये निघालं. एकेका शब्दासाठी ती बाई किती वेळ थांबली असेल, असा विचार करत होते, तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "पाखरांचं वचन घ्या ना. मत्तय सहा, सव्वीस."

ते बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेले. ग्रीक त्यांना मनापासून आवडतं. त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, "आकाशातील पाखरांकडे निरखून पाहा" असं आहे, तिथं मुळात एम्ब्लेप्साते हा शब्द आहे. म्हणजे नजर रोवून बघणं. सहज दिसलं ते बघणं, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि पुढं दोनच ओळींवर रानातल्या भूकमळांबद्दल बोलताना प्रभू वेगळा शब्द वापरतो, काटामाथेते. नीट शिकून घ्या. शिष्याला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, माथेतेस, तो याच धातूतला.

चहा गार झाला माझा. मी शब्द चिकटवायला पाखरं शोधत होते, आणि प्रभू म्हणत होता की पाखरांपुढं शिष्यासारखं बसा. शिष्य गुरूचा नको तेवढा भाग कापून टाकत नाही.

त्या दिवशी भिगवणला रोहित खूप होते. उजनीच्या फुगवट्याचं पाणी उथळ झालं की ते शेकड्यांनी येतात. नावाडी मासेमार असतात, त्यांना पक्ष्यांची नावं आपल्यापेक्षा जास्त येतात. आमच्या नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी सरकवत नेली. रोहित चोच उलटी करून चिखल गाळून खातो, आणि त्या शेवाळ-कोळंबीतल्या रंगद्रव्यानं त्याचे पंख गुलाबी होतात. पिल्लू जन्मतं तेव्हा करडं असतं. चिखलातून मिळालेला रंग आहे तो. हे मला माहीत होतं, पण त्या सकाळी मी पहिल्यांदा रोहिताचं डोकं पाण्याखाली असतानाचे फोटो काढले. ते कुणाला आवडले नाहीत.

आता जे सांगणार आहे, ते मी मंडळीत कुणाला सांगितलेलं नाही. फक्त आईला माहीत आहे.

वेताळ टेकडीवर एप्रिलात मला बुलबुलाचं घरटं सापडलं. खाणीच्या बाजूला घाणेरीच्या जाळीत, माझ्या कमरेच्या उंचीवर. लालबुड्या बुलबुल, आपल्याकडचा अगदी साधा पक्षी. वाटीएवढं घरटं, गवताच्या काड्या आणि कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं. आत तीन पिल्लं, डोळे मिटलेले, चोची उघड्या. मादी येऊन बसली की पिल्लं तिच्याखाली दिसेनाशी व्हायची. फोटोसाठी सगळं होतं, फक्त एक फांदी मध्ये येत होती. पानांची एक फांदी, बरोब्बर घरट्यापुढं.

मी केसांचा रबरबँड काढला आणि ती फांदी मागच्या फांदीला बांधून टाकली. तोडली नाही, हे तेव्हा मला फार चांगलं वाटलं होतं. फोटो झाले. मादीच्या चोचीत हिरवी अळी, तीन लाल तोंडं, पाठीमागून येणारं ऊन. निघताना फांदी सोडायची हे डोक्यातून गेलं. विसरले असं मी म्हणते, पण उद्या परत यायचंय, असू दे, असंही कुठंतरी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरटं एका बाजूला कललेलं होतं आणि रिकामं होतं. बुलबुलाची जोडी चोचीत काहीतरी घेऊन या फांदीवरून त्या फांदीवर उडत होती. आणलेलं कुठं ठेवायचं ते त्यांना कळत नव्हतं. जवळच्या हिवराच्या झाडावर एक कावळा बसला होता. त्यानंच नेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं नाही. भारद्वाज असेल, साप असेल. पण रबरबँड माझाच होता. तो काढून मी खिशात टाकला आणि खाली उतरले.

घरी येऊन बायबलातलं अनुवाद नावाचं पुस्तक उघडलं. बाविसाव्या अध्यायात एक नियम आहे, लहानपणी संडेस्कूलमध्ये कुणी पाठ करून घेतला नव्हता. वाटेत झाडावर किंवा जमिनीवर घरटं सापडलं आणि आई पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्लांसकट आईला धरू नकोस, तिला सोडून दे, म्हणजे तुझं कल्याण होईल आणि तू दीर्घायु होशील. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला जे वचन जोडलं आहे, जवळजवळ तेच इथं एका पाखराच्या घरट्याला जोडलं आहे. मोशेच्या काळातला माणूस भुकेनं घरट्याला हात घालत असेल. मी तर भरल्या पोटी, चित्रासाठी हात घातला होता.

त्यानंतर मी घरट्याचा फोटो काढलेला नाही. ऑगस्टच्या पानावरचा सुगरणीचा खोपा त्याच्या आधीचा आहे, आणि तो विहिरीच्या पलीकडच्या काठावरून घेतलेला आहे. हे सांगून मी काय मिळवते आहे, मला ठाऊक नाही. पण सांगावंसं वाटतं.

राग मात्र मी कावळ्यावर काढला. कितीतरी महिने. खिडकीत बसला की हाकलायचा. टेकडीवर ओरडला की खडा उचलायचा. आणि मग एका रात्री लूकचं शुभवर्तमान वाचताना बारावा अध्याय आला. मत्तयात जे पाखरांबद्दल आहे तेच बोलणं लूकमध्येही आहे, पण तिथं नुसती पाखरं नाहीत. तिथं प्रभू म्हणतो, "कावळ्यांचा विचार करा."

पन्नास वर्षं मी हे वाचत आले होते. कधी थांबले नाही. 'पाखरं' म्हटलं की मनात छान काहीतरी येतं, शिंजीर, हळद्या. पण त्यानं नाव घेतलं ते कावळ्याचं. लेवीयाच्या अकराव्या अध्यायात अशुद्ध पाखरांची यादी आहे, तीत कावळा आहे, त्याच्या सगळ्या जातींसकट. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असणार. ज्याला ना कणगी ना कोठार, आणि ज्याला शिवायचंही नाही, त्याला देव खाऊ घालतो.

काय खाऊ घालतो? हा प्रश्न मला बरेच दिवस सोडत नव्हता. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायाच्या शेवटी देव विचारतो की कावळ्याची पिल्लं माझ्याकडे बघून ओरडतात तेव्हा त्याला भक्ष्य कोण पुरवतं. भक्ष्य. दाणे नव्हेत. त्याच्याच आधी सिंहिणीची शिकार आहे, पुढच्या अध्यायाच्या शेवटी गरुडाची पिल्लं रक्त पितात. देव आपल्या सृष्टीचं वर्णन करताना काहीच चौकटीबाहेर ठेवत नाही. टेकडीवरच्या त्या तीन पिल्लांचा आणि या वचनाचा मेळ मला घालता आलेला नाही. कुणी घालून दाखवला तर मला तो पटकन पटणारही नाही. पण आता मी ते वचन वाचताना डोळे मिटत नाही.

आणि चिमण्यांचं वचन. ते तर पप्पांच्या मातीच्या वेळी वाचलं होतं. मत्तयात दोन चिमण्या एका दमडीला, आणि लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब करून बघा. पाचवी वर घातलेली, फुकट. मंडईत भाजीवर कोथिंबीर टाकतात तशी. तिला किंमतच नाही, आणि देवाला तिचाही विसर पडत नाही. पप्पांनी आपल्या शास्त्रात तिथं लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती, आणि समासात बारीक अक्षरात 'पाचवी' असं लिहिलं होतं. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते पुण्याला आले तेव्हा पाच भावंडांतले शेवटचे होते. ती रेघ त्यांनी कधी मारली, मला विचारायचं राहून गेलं.

मातीच्या वेळी मी ऐकलं ते असं, की चिमणी पडत नाही. वचन तसं नाहीच. पित्यावाचून ती जमिनीवर पडत नाही, एवढंच आहे. पडते. आपल्या डोळ्यांदेखत पडते. मला हे नीट ऐकू यायला एक रबरबँड लागला.

मग मी कावळा काढायला बसले. शब्दशः बसले, आमच्याच गच्चीत. फार अवघड पक्षी आहे. आभाळ मागं असलं तर नुसती काळी आकृती येते, पिसांचा मागमूस नाही. जवळून चौकट भरून घेतला तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि कावळा राखेसारखा फिका पडतो. एक्स्पोजर हातानं कमी करत आणावं लागतं. आणि ऊन तिरपं हवं. सकाळी सव्वासात ते पावणेआठ, तेवढ्याच वेळात त्या काळ्यात जांभळा, निळा, कधी शेवाळी हिरवा उमटतो. गावकावळ्याची मान राखाडी असते हे मला माहीत होतं. पण ती राखाडी छातीवर उतरताना काळी कुठं होते, तो काठ मी साठ वर्षांत पाहिला नव्हता. तीन आठवडे बघितला तेव्हा दिसला.

कावळा माझ्याकडे बघतो. इतर पाखरं लेन्सला बघून उडतात किंवा दुर्लक्ष करतात. हा मान तिरकी करून, एका डोळ्यानं, नीट बघतो. आईसारखा.

आईला हे सांगितलं तर ती हसली आणि तिला आज्जी आठवली. आम्ही गुरुवार पेठेत वाड्यात राहायचो, पंचहौदच्या घंटा ऐकू येतील इतक्या जवळ. वाड्यात सगळ्या जातीधर्मांची बिऱ्हाडं. पितृपक्षात शेजारच्या काकू कौलावर घास ठेवून कावळ्याची वाट बघत उभ्या राहायच्या. आमच्यात पिंड नाही, श्राद्ध नाही. पण आज्जी रोज, पितृपक्ष असो नसो, भाकरीचा चतकोर कुस्करून कठड्यावर टाकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "एलीयाची पाखरं हायती." दुष्काळात करीथ ओहोळाजवळ लपलेल्या एलीयाला कावळ्यांनी सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून दिलं, ती गोष्ट. आज्जीला वाचता येत नव्हतं. तिच्या हिशेबी ते उपकार अजून फिटलेले नव्हते.

महिला मंडळाच्या बैठकीत जूनच्या पानावरून बराच वेळ बोलणं झालं. एक मावशी म्हणाल्या, "महिनाभर भिंतीवर कावळा? सकाळी उठून कावळ्याचं तोंड बघायचं?" दुसरीनं मोर सुचवला. जूनला मोर शोभलाही असता. माझ्याकडे मोराचा चांगला फोटो होता, पिसारा पूर्ण फुललेला. मी पिशवीतून पप्पांचं शास्त्र काढलं आणि लूक बारा, चोवीस वाचून दाखवलं. दुसरं काही बोलले नाही. पाळकसाहेब म्हणाले, "वचनातच आहे तो. काढणार कसा?" रबरबँडचं मी तेव्हाही सांगितलं नाही.

कॅलेंडर छापून आलं. कावळा छापताना थोडा जास्त काळा झाला, जांभळा रंग गेला, पण मानेवरचा राखाडी काठ राहिला.

जून उजाडला तेव्हा आमच्या खिडकीबाहेरच्या आंब्यावर कावळ्याच्या घरट्यातून एक पिल्लू बाहेर आलं होतं. घरटं तारा, काटक्या आणि झाडूच्या हिरांचं. पिल्लाचा आवाज घोगरा, चिरका, थांबतच नव्हता. मी कॅमेरा आणला, डोळ्याला लावला, आणि अंगावरचे ठिपके दिसल्यावर खाली ठेवला. फांदीवर मादी वाकून त्या पिल्लाच्या तोंडात काहीतरी भरत होती.

आई पलंगावर बसली होती. म्हणाली, "कोण ओरडतंय गं एवढं? कावळ्याचं पिल्लू?"

"कोकिळेचं आहे आई. कावळ्याच्या घरट्यात वाढलेलं."

"आणि ती कावळी भरवते त्याला?"

"भरवते."

आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिनं ताटलीतल्या पोळीचा तुकडा चाचपून काढला, कुस्करला आणि मला म्हणाली, "खिडकी उघड."

पावसाची पहिली सर येऊन गेली होती, गज ओले होते. मी खिडकी उघडली.